टेकडी चढणाऱ्या बाबांचा तोल तपासायचा कसा?

टेकडीची_लेक

धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

बाबा ७१ वर्षांचे. निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे वेताळ टेकडी. वजन आटोक्यात, शुगर नाही, बीपीची एक गोळी सकाळी आणि प्रोस्टेटची एक रात्री. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, पण ते जिन्यानेच येतात, आणि आपण लिफ्टमधून बाहेर पडलो की अशा नजरेने बघतात की आपणच ७१ चे.

दोन महिन्यांपूर्वी टेकडी उतरताना पडले. अवघड जागी नाही. मुरमाची वाट, कोरडी, जेमतेम उतार. मागून एका मित्राने हाक मारली, बाबांनी चालता चालता मान वळवून "काय रे?" म्हटलं आणि पुढच्या क्षणाला जमिनीवर. डावा हात टेकला, मनगट मोडलं.

प्लॅस्टर निघाल्यावर मी हट्टाने एका ठिकाणी त्यांचा तोल तपासून घेतला. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. ८ सेकंद. मग बर्ग नावाची चौदा कलमी चाचणी. ५६ पैकी ५५. "काका, तुम्ही आमच्यापेक्षा फिट आहात," म्हणून पाठीवर थाप मिळाली आणि आम्ही घरी. बाबा खूश, वाटेत जिलबी घेतली.

मी खूश नाही. ५५ गुणांचा माणूस सपाट वाटेवर पडतो कसा? बाबा म्हणतात पायाखाली खडा आला. मी ती जागा बघून आले. खडा नव्हता.

इथे कुणी फिजिओथेरपीतलं आहे का? हिंडत्याफिरत्या म्हाताऱ्यांसाठी वेगळी चाचणी असते का? घरी काही बघता येईल का? (बाबांना म्हातारा म्हटलेलं कळू देऊ नका.)

अर्धाकप

दोन महिन्यांनी खडा शोधायला गेलीस? चहा सांडला माझा.

शंकासुर

माणूस पडतो. मी ४४ चा, गेल्या पावसाळ्यात दोनदा आपटलो, एकदा तर सासऱ्यांसमोर. दोन चाचण्या छान आल्यात तर तिसरी कशाला? आपल्याकडे तपासण्यांचं व्यसनच लागलंय. शोधत राहिलं की काहीतरी सापडतंच, आणि मग त्या सापडलेल्याची काळजी.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कामाचा बराचसा भाग साठीपुढच्या लोकांचा. शंकासुर यांचा मुद्दा एरवी पटला असता, इथे नाही. कारण ज्या दोन चाचण्या झाल्या त्या बाबांसाठी नव्हत्याच.

खुर्ची-तीन मीटर-खुर्ची ही १९९१ ची चाचणी. दुबळे, काठी घेणारे, दवाखान्यात येणारे वृद्ध स्वतःचं स्वतः हिंडू शकतील का, हे पाहायला केलेली. अमेरिकेत १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका धरतात. रोज टेकडी चढणारा माणूस तिथे आठ सेकंदांत बसणारच. बर्गचंही तेच. कॅथरीन बर्ग यांनी कॅनडात १९८९ च्या सुमारास ती तयार केली. उत्तम चाचणी आहे, अर्धांगवायूनंतर सुधारणा मोजायला मी रोज वापरते. पण तिच्यात काय आहे बघा: आधाराशिवाय उभं राहा, बसा, वाकून वस्तू उचला, एका पायावर १० सेकंद. चौदापैकी एकाही कलमात चालणं नाही. चालता चालता मान वळवणं तर दूरच. तुमचे बाबा नेमके ज्या क्षणी पडले तो क्षण त्या कागदावर नाहीच.

चौथीचा गणिताचा पेपर दहावीच्या मुलाला दिला तर शंभरपैकी अठ्ठ्याण्णव येतील. त्यावरून तो दहावी पास होईल की नाही हे कळणार नाही. गुण वरच्या छताला जाऊन टेकले की पुढचं काही दिसत नाही.

अशा लोकांसाठी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन विद्यापीठात डेब्रा रोझ आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी केली, २००६ मध्ये छापून आली. फुलर्टन अॅडव्हान्स्ड बॅलन्स स्केल, आम्ही फॅब म्हणतो. दहा कृती, प्रत्येकी ४, एकूण ४०. २५ किंवा खाली असेल तर पडण्याचा धोका बराच. त्यात पाय जुळवून डोळे मिटून उभं राहणं आहे, सहा इंची पाटावर चढून पलीकडे उतरणं आहे, टाचेला चवडा लावत दहा पावलं आहेत, दोन्ही पायांनी लांब उडी आहे. (उडी म्हटल्यावर सत्तरीच्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. काहींना शेवटची उडी कधी मारली तेच आठवत नाही.) पण खरी मेख तीन कृतींत.

एक, जाड फोमच्या गादीवर हाताची घडी घालून, डोळे मिटून २० सेकंद. आपण तोल तीन गोष्टींवर सांभाळतो: डोळे, आतला कान आणि पायाच्या तळव्यांपासून येणारी जाणीव. फोमवर तळव्यांची बातमी खोटी ठरते, डोळे मिटलेले, उरला फक्त कान. तो एकटा किती ओझं उचलतो ते लगेच दिसतं.

दोन, मेट्रोनोमच्या ठोक्यावर, मिनिटाला १०० ठोके, डावीउजवीकडे मान वळवत सरळ चालायचं. मी मोबाइलवर तबल्याचं अॅप लावते, लोकांना ते जास्त जवळचं वाटतं. मान वळली की नजर आणि कान यांचा हिशोब क्षणोक्षणी बदलतो. तो जुळवता आला नाही तर पावलं वाकडी पडतात. लोक सरळ चाललोय समजतात आणि भिंतीकडे जात असतात.

तीन, मी मागे उभी राहून पाठीवर हात ठेवते, माणूस त्या हातावर रेलतो, आणि मी न सांगता हात काढून घेते. तोल गेल्यावर पाऊल किती लवकर पडतं, एक पडतं की चार, ते बघायचं. ही घरी अजिबात करू नका. मीसुद्धा शेजारी माणूस असल्याशिवाय करत नाही.

टेकडीची_लेक

"भिंतीकडे जात असतात" वाचून काटा आला. बाबांसोबत फूटपाथवरून चालताना ते हळूहळू माझ्या अंगावर येतात. मला वाटायचं गप्पा मारायला जवळ येतात.

मंगळागौरवाली

अगं तुझे बाबा परवडले, आमच्या ग्रुपचं ऐक. डोंबिवलीत आम्ही चौदाजणी, सगळ्या पंचावन्न ते अडुसष्ट. श्रावणात मंगळागौरीचे कार्यक्रम असतात, फुगडी, झिम्मा, कोंबडा, लाटा बाई लाटा, दोन दोन तास सलग. आमच्यापेक्षा हिंडतंफिरतं कोण असणार? माझी सून फिजिओच्या शेवटच्या वर्षाला. तिने प्रॅक्टिस म्हणून आमचीच परीक्षा घेतली. एका पायावर डोळे उघडे ठेवून सगळ्या झकास. मग म्हणाली, आता डोळे मिटा. हसू नका, चौदातल्या बाराजणी पाच सेकंदांत एकमेकींच्या गळ्यात! सत्तर फुगड्या घालणारी मी तीन सेकंद टिकले.

सांधेजोड

@मंगळागौरवाली, घाबरू नका, हे अगदी स्वाभाविक आहे. निरोगी लोकांवरच्या एका मोजणीत साठ ते एकोणसत्तर वयोगटात डोळे उघडे ठेवून एका पायावर सरासरी सुमारे २७ सेकंद आले आणि डोळे मिटून तीनच्याही आत. सत्तरीत उघड्या डोळ्यांनी १५ सेकंद. त्यामुळे एका पायावर डोळे मिटून कोण किती टिकतं यावर मी फार भर देत नाही. ते जवळजवळ कुणालाच जमत नाही, म्हणून त्यातून माणसामाणसांत फरक कळत नाही. बाबांच्या बर्गची उलटी बाजू समजा. तिकडे छत फार खाली होतं, इकडे उंबराच फार उंच.

फुगडीत तुम्ही समोरच्या बाईवर नजर रोखता आणि हात घट्ट धरता. नजरही आहे आणि आधारही. दोन्ही काढून घेतले की खेळ वेगळा. पण फुगडी सोडू नका हं, वेगाने फिरण्याची सवय कानाला असणं चांगलंच.

शंकासुर

एका पायाचा विषय निघालाच आहे तर तो व्हॉट्सअॅपवरचा दहा सेकंदांचा मेसेजही काढा. "दहा सेकंद उभे राहू शकत नसाल तर सात वर्षांत मरणार." आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर तीनदा आला आणि एका आजोबांनी त्यानंतर जेवण सोडलं होतं दोन दिवस.

एडिसनकर

मेसेज अर्धवट आहे, मूळ अभ्यास खरा आहे. रिओ द जानेरोमधला, २०२२ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आला. ५१ ते ७५ वयाचे १,७०२ लोक. दर पाचात साधारण एकाला दहा सेकंद जमले नाहीत. पुढच्या सुमारे सात वर्षांत न जमलेल्यांत मृत्यूचा धोका, वय, वजन, आजार वगैरे हिशोबात धरूनही, ८४ टक्के जास्त निघाला. पण न जमणाऱ्यांत मधुमेही जवळपास तिप्पट होते. एका पायावर उभं न राहिल्याने कोणी मरत नाही हो. शरीरात बरंच काही बिघडलेलं असतं, ते पायातून दिसतं, इतकंच. आणि ७१ ते ७५ मध्ये निम्म्याहून जास्त लोकांना जमलं नव्हतं, ते तर मेसेजमध्ये कोणी लिहीतच नाही.

आमच्या इकडे न्यू जर्सीत आईच्या डॉक्टरकडे वर्षातून एकदा तीन प्रश्न ठरलेले: वर्षभरात पडलात का, उभं राहताना किंवा चालताना अस्थिर वाटतं का, पडायची भीती वाटते का. आई तिन्हीला ठणकावून "नो" म्हणते. घरी आल्यावर सांगते, बाथरूममध्ये पडले होते पण ते काय पडणं, नुसती बसले.

अर्धाकप

"पडले नाही, बसले" हे राष्ट्रीय उत्तर आहे. माझे सासरे स्कूटरवरूनही "बसले" होते.

सचिव_नाना

सविनय नमस्कार. नाशिकच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचा मी सचिव. वय ७४. वर ताईंनी विचारलं आहे घरी काय बघता येईल, म्हणून आमचा अनुभव लिहितो.

गेल्या वर्षी आम्ही बागेत चाळीसेक सभासदांची तपासणी ठेवली. फिजिओथेरपी कॉलेजचे विद्यार्थी आले होते. पहिली गडबड खुर्च्यांची. मांडववाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, फरशीवर सरकतात. एक गृहस्थ बसायला गेले आणि खुर्ची मागे. सुदैवाने एका विद्यार्थ्याने धरले. मग सगळ्या खुर्च्या भिंतीला टेकवल्या. विद्यार्थी म्हणाले खुर्ची साधारण ४३ सेंटिमीटर उंच हवी, हात नसलेली. आमच्या खुर्च्या बुटक्या, म्हणजे उठायला अवघड, म्हणजे आकडे कमी. अर्ध्या लोकांचे निकाल म्हणून बाद केले.

तीस सेकंदांत हात छातीशी घडी घालून किती वेळा उठता येते ते मोजायचे. त्यांच्याकडे तक्ता होता: ६५ ते ६९ चे पुरुष १२ पेक्षा कमी, बायका ११ पेक्षा कमी असतील तर सरासरीच्या खाली. ७० ते ७४ ला पुरुष १२, बायका १०. मी १५ वेळा उठलो हे नम्रपणे नमूद करतो.

दुसरी गडबड आमची स्वतःची. चालण्याच्या चाचणीत "नेहमीच्या चालीने चाला" असे तीनतीनदा सांगूनही एकूण एक पुरुष पळत सुटला. माजी पोलीस, माजी बँक मॅनेजर, सगळे. बायका मात्र सांगितल्याप्रमाणे चालल्या. त्यामुळे तक्त्यात पुरुष फार तरुण दिसत होते.

सांधेजोड

नाना, हे मी वर्गात सांगायला वापरणार आहे, परवानगी असावी.

खुर्चीचं फार महत्त्वाचं. घरी करायचं तर दर वेळी तीच खुर्ची, तेच पायताण, तीच वेळ. एका सेकंदाचा फरक आला तर त्याचा अर्थ लावत बसू नका, तो मोजणाऱ्याच्या अंगठ्याचा असतो.

मांडवीकाठ

गोव्यात पणजीला आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर, ७७ चे, सायकलवर बाजारात जायचे. तीनदा पडले, तीनही वेळा रात्री, दिवे गेल्यावर किंवा न्हाणीघरात डोळ्यांवर साबण असताना. कुणी काही, कुणी काही सांगत होतं. शेवटी एका डॉक्टरने त्यांना पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. मास्तर लाकडासारखे आडवे झाले असते, डॉक्टरने धरलं. मग पायाच्या अंगठ्याला थरथरणारा ट्यूनिंग फोर्क लावला, मास्तरांना काही कळेना. नसांना लागणारं बी-बारा जीवनसत्त्व तळाला गेलेलं. शुद्ध शाकाहारी, दूधही कमी, आणि डायबेटिसची मेटफॉर्मिन बरीच वर्षं. इंजेक्शनं घेतली. पूर्ण बरे नाही झाले, पण आता रात्री टॉर्च घेऊन उठतात.

सांधेजोड

ही पाय जुळवून डोळे मिटण्याची चाचणी बर्लिनच्या रोम्बर्ग यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून चालत आलीय. अंधारात किंवा तोंड धुताना तोल जाणं ही तिचीच घरगुती आवृत्ती. बी-बाराचं जे लिहिलंत ते आपल्याकडे फार दिसतं, आणि मेटफॉर्मिनने ते आणखी कमी होतं.

धागाकर्तीला दोन गोष्टी विचारते. प्रोस्टेटची गोळी कोणती? काही गोळ्यांनी उभं राहताच रक्तदाब उतरतो. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. गोळी स्वतः बंद करू नका. आणि चष्मा कोणता आहे?

टेकडीची_लेक

बीपी आडवं १३४, उभं राहून १२०. म्हणजे चौदाच उतरलं, सुटलो. तरी डॉक्टरांच्या कानावर घातलंय.

चष्म्याचं विचारलंत आणि मी डोक्याला हात लावला. प्रोग्रेसिव्ह आहे, गेल्या दिवाळीत बदलला. खालच्या भागातून वाचायचं. टेकडीवर तोच घालून जातात.

सांधेजोड

मग उतरताना ते जमीन वाचायच्या काचेतून बघतात. एक-दीड मीटरवरचा दगड धूसर. बाहेर हिंडणाऱ्यांनी फिरायला फक्त दूरचा नंबर असलेला साधा चष्मा ठेवावा, असा सल्ला मी देते.

शंकासुर

ठीक, मी थोडा मागे सरतो. पण एक राहतंच. रोज टेकडी चढणारा माणूस, त्याला तोलाचा वेगळा व्यायाम? माझे आजोबा दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला चालत जायचे, ८१ व्या वर्षापर्यंत. कुठला फोम आणि कुठलं तबल्याचं अॅप!

सांधेजोड

तुमचे आजोबा चिखलातून, गर्दीतून, फुगड्या-रिंगण बघत, डोक्यावर गाठोडं घेऊन, भजन म्हणत चालत होते. मी फोम आणि अॅप लावून जे करते ते सगळं त्यांना वाटेत फुकट मिळत होतं. आपण टेकडीवर ठरलेली वाट, ठरलेली वेळ, ठरलेले बूट घालून जातो. दम वाढतो, मांड्या पक्क्या होतात, पण तोल रोज तेच गणित सोडवतो. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असं अभ्यासांत दिसत नाही. ज्यात तोलाला आव्हान मिळतं अशा व्यायामाने होतं, ताई-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम त्यातलाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांतही ६५ पुढच्यांनी आठवड्यात तीन किंवा जास्त दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं आहे, चालण्याव्यतिरिक्त.

आणि हाक मारण्याबद्दल. स्वीडनमध्ये १९९७ साली एक साधा प्रयोग झाला. वृद्धांसोबत चालायचं आणि मध्येच बोलायला सुरुवात करायची. ५८ पैकी १२ जण बोलताना थांबले. त्या बारातले १० पुढच्या सहा महिन्यांत पडले. ते लोक बाबांपेक्षा बरेच अशक्त होते, आकडा जसाच्या तसा लावू नका. पण चालणं आणि उत्तर देणं यांत डोक्याची ओढाताण होते ही गोष्ट खरी. हिंडत्याफिरत्या लोकांना मी चालताना १०० मधून तीन तीन वजा करायला सांगते. बँकवाले वजाबाकी अचूक करतात आणि चाल बिघडवतात. मास्तर उलटं.

गप्पगुमान

मी करून पाहिलं. ९१ ला थांबलो. वय ३६.

मंगळागौरवाली

जमिनीवरून उठण्याची पण एक असते ना? सून म्हणत होती हात न टेकता मांडी घालून बसायचं आणि उठायचं.

एडिसनकर

तीही त्याच ब्राझीलच्या गटाची, २०१२ ची. दहा गुण, हात किंवा गुडघा टेकला की एक एक वजा. इथे अमेरिकन शेजारी जमिनीवर बसायच्या कल्पनेनेच घाबरले, आई मात्र नऊ गुण घेऊन उठली. साठ वर्षं पाटावर जेवली आहे.

सांधेजोड

आपल्याकडच्या ज्या पिढीने उकिडवं बसून भांडी घासली त्यांच्यासाठी ती सोपी असते आणि पन्नाशीच्या त्यांच्याच मुलांना जमत नाही. पण गुडघे बदललेल्यांनी करू नये. तसेही त्यात ताकद आणि लवचिकता जास्त दिसते, तोल कमी.

टेकडीची_लेक

अपडेट.

बाबांना फॅब करणारी एक फिजिओ सापडली. न्यायला चार दिवस लागले. "तुला मी लुळा झालेला बघायचाय का" इथपर्यंत बोलणं गेलं. शेवटी सचिव नानांची पोस्ट वाचून दाखवली. १५ वेळा उठलो हे ऐकून बाबा म्हणाले, "चल."

४० पैकी ३०. म्हणजे २५ च्या वर. बाबांनी लगेच विजयी मुद्रा केली. फिजिओ मात्र म्हणाली, एकूण बघू नका, दहा गुण कुठे गेले ते बघा. पाटावर चढणं-उतरणं, गोल फिरणं, पुढे झुकून पेन्सिल घेणं, सगळं पूर्ण. उडीचा एक गेला. एका पायावर ९ सेकंद. फोमवर डोळे मिटून चारच सेकंद आणि मग तिच्या खांद्यावर हात. मान वळवत चालताना पाचव्या पावलाला डावीकडे गेले ते खिडकीच्या पडद्यापर्यंत. आणि पाठीमागचा हात काढल्यावर तीन पावलं. मी बाजूला उभी होते, माझा श्वास अडकला.

घरी आल्यावर खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खडा नव्हता गं."

अर्धाकप

आता चहा सांडला नाही. घसा दाटला.

सांधेजोड

तीस गुण आणि पडण्याचा इतिहास म्हणजे वेळेत पकडलं. डावीकडे झुकतात त्याचं कारण कानाच्या डॉक्टरांकडून एकदा बघून घ्या. बिछान्यात कूस बदलताना गरगरतं का तेही विचारा. तसं असेल तर ते एका ठरावीक पद्धतीने डोकं फिरवून बहुतेकदा बरं होतं, गोळ्या नकोत.

घरच्या सरावाला एकच नियम: खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभं राहायचं, समोर जड खुर्ची, घरात दुसरं माणूस. दोन्ही बाजूंना भिंत, पुढे खुर्ची, म्हणजे पडायला जागाच नाही. उशीवर डोळे मिटणं फक्त असंच, मोकळ्या खोलीत नाही.

टेकडीची_लेक

पाच आठवडे झाले, म्हणून शेवटचं लिहिते.

कान ठीक आहे, गरगर नाही. कोपऱ्यातल्या सरावाला बाबांनी "शाळेतली शिक्षा" असं नाव दिलंय. सकाळी टेकडीआधी दहा मिनिटं आणि संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी दहा. आई खुर्चीत बसून पहारा देते आणि भाजी निवडते. पॅसेजमध्ये तबल्याचा ठेका लावून मान वळवत चालतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, बाबा तबला शिकतायत का. साधा चष्मा आला. एका पायावर १६ सेकंद झाले, फोमचं अजून सातच्या पुढे जात नाही.

परवा टेकडीवर गेले. त्यांच्या गँगमधल्या प्रत्येकाला वरच्या सपाटीवर मान वळवून चालायला लावलं म्हणे. ज्या काकांनी त्या दिवशी हाक मारली होती ते सगळ्यात वाकडे गेले, थेट झुडपात. आता त्यांना तपासणीला चला म्हटलं तर म्हणतात मला काय झालंय, मी रोज टेकडी चढतो.

सचिव_नाना

त्या काकांना माझा आकडा सांगा. या महिन्यात १६ झाले.